गेल्याचा शोक आणि आलेल्याचा स्वीकार : नगर जिल्ह्यातील चार ग्रंथ

१

‘वर्तमानात जगा’ आणि ‘सर्वांचा स्वीकार करा’ ही दोन वाक्ये आज दिनदर्शिकेवर, प्रवचनात, व्यवस्थापनाच्या शिबिरात आणि सकाळच्या मोबाइल-संदेशात सारख्याच सहजतेने भेटतात. इतकी सरावाची झालेली वाक्ये कोणाला अडवत नाहीत, आणि म्हणूनच त्यांची परीक्षाही कोणी घेत नाही. वर्तमानात जगायचे म्हणजे भूतकाळाचे नेमके काय करायचे? सर्वांचा स्वीकार करायचा म्हणजे ज्याने आपल्यावर अन्याय केला त्याचाही करायचा का? आणि हा उपदेश कोणी कोणाला करायचा? या प्रश्नांची उत्तरे केवळ तत्त्वचर्चेने मिळत नाहीत. ती शोधायला ग्रंथांकडे जावे लागते, कारण ग्रंथात उपदेशाबरोबर माणसे, प्रसंग आणि प्रतिमा असतात आणि उपदेशाला जे झाकता येते ते प्रतिमेला झाकता येत नाही.

या लेखात मी चार लेखनकृतींचा विचार करणार आहे. चारही अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याशी बांधलेल्या आहेत : नेवाशाची ‘ज्ञानेश्वरी’, शिर्डीचे ‘श्रीसाईसच्चरित’, अरणगावजवळच्या मेहेराबादशी निगडित असलेले मेहेरबाबांचे वाङ्मय, आणि अकोले तालुक्यातील धामणगावात जन्मलेल्या दया पवारांचे ‘बलुतं’. पहिल्या तिन्हींना अध्यात्माच्या कपाटात आणि चौथ्याला दलित आत्मकथनाच्या कपाटात ठेवण्याची आपली सवय आहे. ही कपाटे थोडी बाजूला सारली, तर चारही कृती एकाच प्रश्नाशी झगडताना दिसतात. तो प्रश्न हिशेबाचा आहे. माणसाने माणसाविषयी मनात ठेवलेली वही बंद करता येते का, आणि ती बंद करण्याचा अधिकार कोणाचा?

जिल्ह्याची निवड केवळ सोयीची नाही. ताहराबादच्या महिपतींनी संतचरित्रे लिहिली ती याच जिल्ह्यात. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ही इथलाच. निरनिराळ्या पंथांची, धर्मांची आणि जातींची माणसे एका उंबरठ्यावर कशी बसतील, याचा विचार या अवर्षणप्रवण मुलखाने सातशे वर्षे चालवला आहे. महिपती आणि शेख महंमद यांच्यावर स्वतंत्र लेखच हवेत, म्हणून त्यांचा उल्लेख इथेच थांबवतो.

२

‘ज्ञानेश्वरी’ शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, प्रवरेच्या काठी नेवाशात सांगितली गेली. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ती सांगितली असे मानतात, त्या खांबाला ‘पैस’ म्हणतात, आणि दुर्गाबाई भागवतांच्या त्याच नावाच्या पुस्तकामुळे तो मराठी वाचकाच्या मनात कायमचा रुजला आहे. पैस म्हणजे विस्तार, मोकळी जागा. आपल्या प्रश्नाला हा शब्द पुढे उपयोगी पडेल.

भक्ताची लक्षणे सांगणारा गीतेचा बारावा अध्याय अवघ्या वीस श्लोकांचा आहे. त्यातले सतरावा आणि अठरावा हे श्लोक शेजारी शेजारी आहेत, पण त्या शेजाराकडे फारसे लक्ष दिले जात नाही. सतराव्यात भक्त हर्ष-द्वेष करीत नाही, शोक करीत नाही आणि आकांक्षा धरीत नाही असे म्हटले आहे. अठराव्यात तो शत्रू आणि मित्र, मान आणि अपमान यांच्याशी सम असतो असे म्हटले आहे. शोक गेलेल्याचा असतो, आकांक्षा येणाऱ्याची असते. तेव्हा सतरावा श्लोक काळाविषयी बोलतो आणि अठरावा माणसांविषयी. काळ सुटला की माणसांतला भेद सुटतो, असा क्रम मूळ श्लोकांतच सूचित झाला आहे, असे मला वाटते.

ज्ञानेश्वर हा सांधा उघडून दाखवतात. शोकाचे स्पष्टीकरण देताना त्यांचे म्हणणे असे की, जे खरोखर आपले आहे ते कल्पान्तीही जात नाही. हे ज्याला कळले तो गेलेल्याचा शोक करणार नाही. इथे ‘भूतकाळ विसरा’ असे सांगितलेले नाही. जे गेले ते आपले नव्हतेच, अशी समजूत आधी येते आणि शोक तिच्यामागून आपोआप गळतो. आकांक्षेचेही तसेच : ज्याच्या पलीकडे काही उरले नाही, त्याला मागायला काही शिल्लक नाही. म्हणजे वर्तमानात राहणे हा मनाला लावायचा व्यायाम नाही. ते एका जाणिवेचे फळ आहे.

यानंतर अठराव्या श्लोकावर येताच ज्ञानेश्वरांची प्रतिमासृष्टी सुरू होते. दिवा घरच्यांना उजेड आणि परक्यांना अंधार देत नाही. झाडाला कोणी लावले आणि कोणी त्याच्यावर घाव घातले, सावली दोघांना एकच. ऊस पाणी घालून वाढवणाऱ्याला गोड आणि चरकात पिळणाऱ्याला कडू लागत नाही. याच अध्यायात थोडे आधी पृथ्वी येते, जी उत्तम-अधम दोघांना धरते. पाणी येते, जे गाईची तहान भागवताना वाघासाठी विष होत नाही. या प्रतिमा शाळेपासून आपल्या कानांवर असतात, त्यामुळे त्यांतला धक्का आपल्याला जाणवत नाही. तो जाणवण्यासाठी एक साधी गोष्ट पाहावी : या सर्व वस्तूंना स्मरण नाही. झाडाला काल कोणी पाणी घातले हे आठवत नाही, म्हणून आज सावली देताना ते निवड करीत नाही. दिव्याला कालची रात्र नाही. स्वीकार आणि वर्तमान या दोन वेगळ्या साधना नाहीत, हे ज्ञानेश्वर विधान करून सांगत नाहीत; आपल्या प्रतिमांच्या निवडीतून सांगतात. समोरच्या माणसाला कालच्या वहीतले नाव न समजता आज आलेला माणूस समजणे, हाच स्वीकार.

पण माणूस झाड नाही. झाडाला कुऱ्हाड आठवत नाही, कारण त्याला आठवण्याचे साधनच नाही. माणसाला ते साधन आहे आणि अनेकदा तेच त्याचे एकमेव शस्त्र असते. प्रवरेच्या काठी आज ऊस हे मुख्य पीक आहे आणि चरकाची जागा साखर कारखान्यांनी घेतली आहे. पिळल्या जाणाऱ्याने गोडच लागावे ही अपेक्षा ऐकताना त्या परिसरातल्या ऊसतोडणी मजुराला काय वाटेल, हा प्रश्न आधुनिक वाचकाने विचारणे गैर नाही.

याचे एक उत्तर ग्रंथात नसून ग्रंथकर्त्यात आहे. परंपरा सांगते की ज्ञानेश्वर संन्याशाची मुले म्हणून वाळीत टाकलेल्या भावंडांपैकी होते. शुद्धिपत्रासाठी ती पैठणला गेली आणि तिकडून परत येताना नेवाशाला थांबली. घाव घालणारा आणि लावणारा यांना सारखीच सावली देण्याची भाषा बोलणारा हा माणूस घाव घालणाऱ्यांपैकी नव्हता, तो झाडाच्या बाजूचा होता. हिशेब त्याच्याकडे येणे होता, देणे नव्हता. येणे असलेल्याने वही मिटली तर ते औदार्य ठरते. देणेकऱ्याने तीच वही मिटा म्हटले तर ती लबाडी ठरते. ओवी दोघांच्या तोंडी सारखीच राहते, अर्थ मात्र पूर्ण बदलतो. प्रवचनकारांच्या परंपरेत हा फरक बहुधा पुसला गेला आहे.

३

नेवाशाहून शिर्डीला येताना आपण सहाशेहून अधिक वर्षे ओलांडतो. गोविंद रघुनाथ दाभोलकर यांनी, साईबाबांनी दिलेल्या ‘हेमाडपंत’ या नावाने, ‘श्रीसाईसच्चरित’ १९२०च्या दशकात रचले. साईबाबांनी १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीला, देह ठेवला होता. ५३ अध्याय आणि नऊ हजारांहून अधिक ओव्या असलेल्या या ग्रंथाची पारायणे अगणित होतात, पण साहित्यकृती म्हणून त्याची चिकित्सा फार थोड्यांनी केली आहे. भाविकांना ती नको असते आणि समीक्षकांना ग्रंथ भाबडा वाटतो. माझ्या मते तो भाबडा नाही. त्यात दोन परस्परविरोधी प्रवृत्ती आहेत आणि स्वीकाराच्या प्रश्नावर त्या समोरासमोर येतात.

पहिल्या प्रवृत्तीचे उदाहरण बाराव्या अध्यायात आहे. एक रामभक्त डॉक्टर मामलेदार मित्राबरोबर शिर्डीला येतात. मुसलमानापुढे आपण वाकणार नाही, असे ते आधीच बजावतात आणि मित्र ते मान्य करतो. मशिदीत गेल्यावर त्यांना बाबांच्या जागी राम दिसतो आणि ते सर्वांआधी पायांवर पडतात. त्याच अध्यायात नाशिकच्या मुळेशास्त्रींना बाबांच्या ठिकाणी आपले गुरू घोलपस्वामी दिसतात. या कथा समावेशाच्या म्हणून सांगितल्या जातात. नीट वाचल्या तर त्यांत एक अट दिसते : परका स्वीकारला जातो, पण आधी तो आपला झाल्यावर. डॉक्टर शेवटपर्यंत मुसलमानापुढे वाकले नाहीत. ते रामापुढे वाकले. त्यांची प्रतिज्ञा मोडली नाही, उलट चमत्काराने ती पाळली. असा स्वीकार सुखाचा असतो, कारण स्वीकारणाऱ्याला आपल्यात काहीच बदलावे लागत नाही.

दुसऱ्या प्रवृत्तीचे उदाहरण तिसऱ्या अध्यायातली रोहिल्याची गोष्ट. एक धिप्पाड रोहिला शिर्डीत येऊन राहतो आणि दिवसरात्र मोठ्या आवाजात कलमे म्हणतो. दिवसभर शेतात राबलेल्या गावकऱ्यांना रात्री झोप मिळत नाही. ते बाबांकडे तक्रार घेऊन जातात आणि बाबा रोहिल्याची बाजू घेतात; त्याचा त्रास सोसा, असे गावकऱ्यांना सांगतात. या गोष्टीत रोहिला राम होत नाही. त्याच्या जागी कोणाला विठ्ठल दिसत नाही. तो रोहिलाच राहतो, त्याचा आवाज कमी होत नाही आणि गावाची झोप मोडतच राहते. माझ्या दृष्टीने संपूर्ण ग्रंथातली ही सर्वांत धीट गोष्ट आहे. इथला स्वीकार गैरसोयीचा आहे. समोरचा बदलेल या आशेवर तो उभा नाही; तो आहे तसा आज, या रात्री, सहन करण्यावर उभा आहे.

हेमाडपंतांना मात्र ही गोष्ट तशीच सोडवत नाही. रोहिल्याच्या बायकोविषयीचे बाबांचे बोलणे ते नोंदवतात. रोहिल्याला बायको नव्हतीच, असेही सांगतात. आणि बायको म्हणजे दुर्बुद्धी, असा रूपकाचा अर्थ लावतात. त्यामुळे रोहिल्याचा ओरडा नामस्मरणाच्या महिम्यात विरघळतो. ग्रंथकाराची ही सवय सर्वत्र दिसते : प्रसंग खडबडीत असतो आणि निरूपण त्याच्यावरून हात फिरवते. तरीही प्रसंग त्यांनी गाळला नाही, ही त्यांची प्रामाणिकता मोठी आहे. वाचकाने निरूपण क्षणभर बाजूला ठेवून प्रसंग वाचावा. ग्रंथ तेव्हा जास्त बोलतो.

भागोजी शिंदे यांची कथाही अशीच वाचावी. सातव्या अध्यायात १९१० सालच्या धनत्रयोदशीचा प्रसंग आहे. धुनीपाशी बसलेले बाबा अचानक जळत्या धुनीत हात घालतात. दूर कुठे तरी लोहाराच्या बायकोचे भट्टीत पडलेले मूल वाचवण्यासाठी तो हात गेला, असे नंतर कळते. नानासाहेब चांदोरकर मुंबईहून डॉक्टर परमानंदांना घेऊन येतात, पण बाबा त्यांना हात दाखवत नाहीत. भाजलेल्या हातावर तूप चोळून पट्टी बांधण्याचे काम भागोजी करतो, आणि भागोजी महारोगी आहे. जखम बरी झाल्यावरही हा नेम बाबांच्या अखेरीपर्यंत चालला. भाविक मुलाच्या बचावाने दिपून जातात. मला त्या चमत्कारापेक्षा पट्टीचा नेम महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या स्पर्शाला गाव भिते, त्याच्या स्पर्शाची रोज गरज आहे असे दाखवणे, हे महारोग्यावर दया करण्यापेक्षा निराळे आहे. दयेत देणारा वर असतो. इथे महारोगी देणारा आहे.

वर्तमानाविषयी साईसच्चरितात उपदेश थोडा आणि रीत पुष्कळ आहे. आठव्या अध्यायात बाबांच्या भिक्षेचे वर्णन येते. ठरावीक घरांतून मागून आणलेले अन्न एकत्र करून मशिदीतल्या कुंडीत टाकलेले असे. कुत्री, मांजरे, कावळे त्यात तोंड घालत आणि मशीद झाडणारी बाई त्यातून भाकरी घेऊन जाई. कोणाला मज्जाव नसे. दक्षिणा येई ती त्याच दिवशी वाटून संपे. या रीतीत दोन्ही तत्त्वे एकत्र आहेत. उद्यासाठी साठवायचे नाही हे ठरले, की कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही हा प्रश्नच उरत नाही, कारण निवड करावी लागते ती साठा राखणाऱ्याला. उघड्या कुंडीवर पहारा लागत नाही. ज्ञानेश्वरांच्या दिव्याचे हे मातीच्या भांड्यातले रूप म्हणता येईल.

४

मेहेरबाबा, म्हणजे पुण्याच्या पारशी-इराणी कुटुंबात २५ फेब्रुवारी १८९४ रोजी जन्मलेले मेरवान शेरियार इराणी, या परंपरेशी सरळ जोडलेले आहेत. पुण्याच्या हजरत बाबाजान, शिर्डीचे साईबाबा आणि साकोरीचे उपासनी महाराज यांना ते आपल्या पाच गुरूंत मानत. १० जुलै १९२५ पासून त्यांनी धरलेले मौन ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवेपर्यंत चालले. तेव्हा त्यांचे वाङ्मय म्हणजे न बोललेल्या माणसाचे वाङ्मय आहे : अक्षरफलकावर बोट ठेवून सांगितलेले आणि दुसऱ्यांनी लिहून काढलेले. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून नियतकालिकात आलेल्या त्यांच्या प्रवचनांना इंग्रजी निबंधाचे रूप देण्यात नागपूरचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक डॉ. चक्रधर देशमुख यांचा मोठा वाटा होता. त्यामुळे त्या निबंधांना एक वकिली नेटकेपणा आहे, जो मराठी वाचकाला संतवाङ्मयानंतर थोडा कोरडा वाटतो.

वर्तमानाविषयीचा त्यांचा विचार असा मांडता येईल. मन वर्तमानाला नेहमी भविष्याचे साधन समजते; आजचा दिवस उद्याच्या कशासाठी तरी असतो. त्यामुळे कोणत्याच क्षणाला स्वतःचे मोल उरत नाही. भूतकाळाचे संस्कार मागून ढकलतात, अपेक्षा पुढून ओढते आणि मधला क्षण रिकामा जातो. सत्याचा अनुभव मात्र याच क्षणाला येऊ शकतो. विचार नवा नाही, गीतेतल्या निष्काम कर्माचा तो जवळचा नातेवाईक आहे. नवे आहे ते पुढे त्यांनी केलेले कृत्य.

१९४९ च्या ऑक्टोबरच्या १६ तारखेला मेहेरबाबा वीस साथीदारांसह, सोळा पुरुष आणि चार स्त्रिया, नगर सोडून निघाले. आपल्या नावावरच्या मालमत्तेची विल्हेवाट त्यांनी आधी लावली होती. या पर्वाला ते ‘नवजीवन’ म्हणत. त्याच्या अटी लेखी होत्या. गुरू-शिष्य हे नाते संपले, ते आता केवळ साथीदार. त्यांच्याकडून आध्यात्मिक वा ऐहिक कसल्याही लाभाची आशा धरायची नाही. जुन्या जीवनातल्या माणसांशी संबंध ठेवायचा नाही. राग, खोटेपणा नाही. जे घडेल ते आनंदाने सोसायचे. बेळगावात काही काळ राहून मंडळी काशीला गेली. काशी आणि सारनाथ इथे त्यांनी भिक्षा मागितली, आणि तिथून थंडीच्या दिवसांत जनावरांच्या तांड्यासह उत्तरेकडे पायी निघाली.

नवजीवनाची कागदपत्रे वाचताना एक विसंगती नजरेत भरते. उद्याचा विचार न करण्याचे हे व्रत कलमवार मसुद्यात बांधलेले आहे. प्रत्येकाला ‘हो’ किंवा ‘नाही’ उत्तर द्यावे लागले होते. अनियोजित जगण्याची इतकी बारीक योजना हास्यास्पद वाटू शकते. मला ती तशी वाटत नाही. वर्तमानात जगणे ही मनाची लहर असेल तर ती पहिल्या थंडीत उतरते. तिला कराराची चौकट दिली तरच ती टिकते, हे या माणसाने ओळखले होते. शिवाय त्यांनी सर्वांत आधी मोडला तो स्वतःचा अधिकार. शिष्यांची आशा ही गुरूची खरी मालमत्ता असते. आशाच ठेवू नका म्हणणारा गुरू स्वतःचे येणे सोडून देतो. नेवाशाच्या संदर्भात जो निकष आपण काढला, येणे असणाऱ्यानेच वही मिटावी, तो इथे अक्षरशः पाळलेला दिसतो.

सर्वांच्या स्वीकाराविषयी मेहेरबाबांच्या संदर्भात ‘द वेफेअरर्स’ हा १९४८ चा ग्रंथ महत्त्वाचा आहे. डॉ. विल्यम डॉन्किन या इंग्रज डॉक्टराने लिहिलेल्या या पुस्तकात मेहेरबाबा देशभर हिंडून ज्या ‘मस्तां’ना भेटले त्यांच्या नोंदी आहेत. रस्त्याकडेला, स्मशानात, दर्ग्याच्या आवारात पडलेली, लोक ज्यांना वेडी म्हणतात अशी ही माणसे. १९३६ मध्ये राहुरीला त्यांनी वेड्यांसाठी आश्रमही चालवला होता आणि तिथल्या माणसांना ते स्वतःच्या हाताने अंघोळ घालत. डॉन्किनच्या नोंदी कोरड्या आहेत : गाव, माणसाचा प्रकार, कशी भेट झाली. वाङ्मयगुण शोधणारा वाचक कंटाळेल. पण या कोरडेपणातच एक सभ्यता आहे. हा माणूस आधी कोण होता, कोणत्या जातीचा, कशाने असा झाला, याची चौकशी त्या नोंदींचा विषय नाही. ज्याला स्वतःची कहाणी सांगता येत नाही, त्याला कहाणीवाचून भेटणे हे स्वीकाराचे फार वरचे रूप आहे. त्याची मर्यादाही तिथेच आहे. मस्तांचे प्रकार आणि पायऱ्या ग्रंथात काटेकोर लावलेल्या आहेत, पण त्यांच्यापैकी कोणाचाही स्वतःचा आवाज त्यात नाही. ते स्वीकारले जातात, बोलत नाहीत.

पुढे या शिकवणुकीचे काय झाले, हे सांगायला एक उदाहरण पुरे. चिंता सोडून आनंदात राहा अशा अर्थाचे, मेहेरबाबांच्या छायाचित्राबरोबर छापले जाणारे इंग्रजी वाक्य १९८८ मध्ये बॉबी मॅकफेरिन या अमेरिकी गायकाच्या गाण्याचे शीर्षक झाले आणि जगभर गाजले. गाण्यात दोष नाही. पण थंडीत पायी चालण्याचा करार गळून पडला आणि शीळ उरली.

५

आतापर्यंतच्या तिन्ही लेखनांत बोलणारा कोणी संत किंवा त्याचा भक्त आहे. स्वीकारले गेलेले, म्हणजे भागोजी, रोहिला, झाडणारी बाई, मस्त, यांपैकी कोणीही आपली बाजू मांडत नाही. याच जिल्ह्यातून १९७८ मध्ये अशी बाजू मांडणारे एक पुस्तक आले, ‘बलुतं’. वरच्या चर्चेत ते नसेल तर ती चर्चा एकतर्फी राहील.

‘बलुतं’ हा शब्दच हिशेबाचा आहे. गावकीच्या कामाबद्दल वर्षाकाठी मिळणारा धान्याचा वाटा, आणि तो वाटा मागताना सोसावा लागणारा अपमान, दोन्ही त्यात येतात. दया पवारांनी आयुष्याच्या वहीला हे नाव दिले, यातच त्यांची भूमिका आहे : ही वही मिटलेली नाही. येसकरकी, मेलेली जनावरे ओढणे, महारवाडा, मुंबईचा कावाखाना यांच्या नोंदी पुस्तक एकेक करून समोर ठेवते. ‘वर्तमानात जगा’ हा उपदेश या पुस्तकासमोर उच्चारून पाहावा; तो ताबडतोब अश्लील वाटू लागतो. ज्याचे देणे गावाने कधी फेडलेच नाही, त्याला ‘गेल्याचा शोक करू नको’ म्हणायचा अधिकार कोणाला आहे? कुंडीतली भाकरी घेणाऱ्या बाईला मज्जाव नव्हता हे खरे. पण कुत्र्यांबरोबर कुंडीतून भाकरी उचलण्याची वेळ तिच्यावर का आली, हा प्रश्न साईसच्चरिताला पडत नाही. ‘बलुतं’ मात्र त्याच प्रश्नापासून सुरू होते.

तरीही या पुस्तकाला केवळ तक्रारीची वही म्हणणे ही त्याची चुकीची वाचना होईल. त्याची रचना पाहावी. शिकलेला, नोकरीपेशातला, शहरात वावरणारा दया पवार आणि त्याच्या आत दडवलेला दगडू मारुती पवार, अशी दोन माणसे लेखकाने समोरासमोर बसवली आहेत. दगडू सांगतो, दया ऐकतो. ज्या माणसाला ओळख देण्याची लाज वाटत होती, त्याला ओसरीवर बोलावून त्याचे सगळे ऐकून घेणे, हे या पुस्तकाचे मुख्य कृत्य आहे. आपल्या समाजातल्या उणिवा आणि स्वतःचे हीन क्षणही दगडू लपवत नाही. त्याबद्दल लेखकाला आपल्याच माणसांकडून बोलणी खावी लागली. सर्वांचा स्वीकार करा म्हणणारे आपण बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या स्वीकाराविषयी बोलतो. ‘बलुतं’ सांगते की सर्वांत अवघड स्वीकार आतल्या दगडूचा असतो, आणि तो विसरून होत नाही, आठवूनच होतो.

इथे वर्तमानाचा अर्थही बदलतो. दगडू भूतकाळातला नाही. तो दयाच्या समोर आत्ता बसला आहे. ज्याची नोंद झाली नाही तो भूतकाळ संपलेला नसतो, तो वर्तमानातच वेश पालटून राहतो. तेव्हा न मिटलेले येणे आठवणे म्हणजे वर्तमानातून पळणे नव्हे. वर्तमान जसे आहे तसे पूर्ण पाहायचे, तर त्यात दगडूही दिसला पाहिजे.

६

या चार कृती एकमेकींना खोडून काढतात असे मला वाटत नाही. त्या एकमेकींची अट स्पष्ट करतात. ज्ञानेश्वर दाखवतात की कालची वही न उघडता आलेल्याला भेटणे हाच स्वीकार, आणि ते दाखवणारा स्वतः येणेकरी आहे. हेमाडपंतांच्या निरूपणापेक्षा त्यांचे प्रसंग सांगतात की परक्याला आपल्यासारखा करून घेणे हा स्वीकार नव्हे. रोहिल्याचा आवाज रात्री ऐकत जागणे हा स्वीकार. मेहेरबाबांचे नवजीवन सांगते की आशा सोडायची तर आधी वरच्या पायरीवरच्याने आपला अधिकार सोडावा. आणि दया पवार बजावतात की ज्याचे येणे थकले आहे त्याच्या आठवणीला कोणी अडसर समजू नये. त्याच्या स्वीकाराची वाट तिच्यातूनच जाते.

समीक्षेच्या दृष्टीने यातून एक गोष्ट निघते. आध्यात्मिक ग्रंथ वाचताना ओवीचा अर्थ लावणे पुरेसे नसते. ती कोणाच्या तोंडी आहे आणि कोणाला उद्देशून आहे, हे पाहावे लागते. ‘सर्वांना सावली द्या’ हे वाक्य झाडाने म्हटले तर ती संतवाणी होते. कुऱ्हाडीने म्हटले तर तो कावा असतो. संतवाङ्मयाची आपली बरीच चर्चा बोलणाऱ्याची जागा न विचारता झाली, म्हणून एका बाजूला तिचा गुळगुळीत सुविचार झाला आणि दुसऱ्या बाजूला तिच्याविषयी साहजिक संशय निर्माण झाला. ही जागा विचारली, तर ‘ज्ञानेश्वरी’ आणि ‘बलुतं’ एका फळीवर ठेवायला हरकत राहत नाही.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नव्या वहीची पूजा करण्याची रीत आहे. जुनी वही त्या दिवशी कोणी जाळत नाही. तिच्यातली थकबाकी पाहिली जाते, देणे असेल ते द्यायचे ठरते, आणि मगच नव्या वहीचे पहिले पान उघडते. व्यापाऱ्याला कळलेला हा क्रम उपदेशकाला कळला तर वर्तमानात जगण्याचा उपदेश ऐकण्यासारखा होईल. नेवाशाच्या खांबाला लोकांनी ‘पैस’ म्हटले. जिथे येणेकरी आणि देणेकरी दोघेही आपापली वही उघडी ठेवून बसू शकतील, इतकी मोकळी जागा त्या शब्दात निश्चित आहे.